आतड्याची सरहद्द आणि रक्तातली साखर



आमचे घर बेंगळुरूला चामराजपेटेत, चौथ्या मेनवर. १८९२ मध्ये आखलेली ही जुनी पेठ. मिंटो नेत्र रुग्णालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेल्या वर्षी सुटीत मी घरी गेलो, तेव्हा दादा म्हणाला, "अरे, दोन दिवस डोळ्यांपुढे काळ्या माशा फिरतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पायदळात २८ वर्षे काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, अंगाने काटक. मी त्याला मिंटोत घेऊन गेलो.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवले आणि मग दृष्टिपटल पाहिले. पाहून झाल्यावर त्यांनी चष्म्याविषयी काही विचारले नाही. "साखर शेवटची कधी तपासली?" एवढेच विचारले. दादा हसला. "साखर? मला? डॉक्टर, माझ्याकडे बघा तरी. मी रोज चालतो, अंगावर चरबी नाही." दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीची साखर आली २१२ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आली ९.४. दृष्टिपटलातल्या बारीक रक्तवाहिन्या साखरेने कमकुवत होऊन झिरपू लागल्या होत्या. हे बहुधा बरीच वर्षे चालू होते आणि दुखत नसल्यामुळे कोणाला कळले नाही.

वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊजी, तुम्ही मुलांना जीवशास्त्र शिकवता. सांगा ना, लठ्ठ नसलेल्या माणसाला हे कसं होतं?" मी इन्सुलिन, स्वादुपिंड, अनुवंशिकता असे काहीतरी सांगितले. पण आपले उत्तर अपुरे आहे हे मला जाणवत होते. परत आल्यावर मी वाचत गेलो आणि एका अनपेक्षित ठिकाणी पोचलो. ते ठिकाण म्हणजे आतड्यातली रोगप्रतिकार यंत्रणा. आजचा पाठ तिच्याविषयी आहे.

आधी उजळणी

तुमच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त आहे असे धरा. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी घेतलेल्या १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा थोडे कमी ग्लुकोज असते. हिशेब करा: सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता गोड शीतपेयाची ३०० मिलिलिटरची बाटली घ्या. तिच्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक चमचा साखर असलेल्या रक्तात सहा चमचे ओतले, तरी दोन तासांत पातळी पुन्हा जवळजवळ होती तिथे येते. हे काम मुख्यतः इन्सुलिन करते. स्वादुपिंडातून निघणारे हे संप्रेरक स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना सांगते, "ग्लुकोज आत घ्या," आणि यकृताला सांगते, "तू आता साखर बाहेर सोडू नकोस."

इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांमधले फ्रेडरिक बँटिंग हे सैन्यातले डॉक्टर होते, हे आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवे. पहिल्या महायुद्धात ते कॅनडाच्या लष्करी वैद्यकीय दलात होते. १९१८ मध्ये काम्ब्रेच्या लढाईत ते जखमी झाले आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२१ मध्ये टोरांटोला त्यांनी चार्ल्स बेस्ट यांच्यासोबत इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते ज्याला पहिल्यांदा टोचले, तो लेनर्ड थॉम्प्सन १४ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या नववीतल्या मुलांएवढा. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नव्हते. हा मधुमेहाचा पहिला प्रकार. त्यात शरीराचीच प्रतिकार यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. खाण्यापिण्याच्या चुकीने तो होत नाही, म्हणून असा मित्र असेल तर त्याला कोणी दोष देऊ नये.

दादाला झाला तो दुसरा प्रकार. यात सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असते, पण पेशी त्याचे ऐकत नाहीत. हुकूम सुटतो, अंमलबजावणी होत नाही. याला इन्सुलिन-रोध म्हणतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. काही वर्षांनी ते थकते आणि साखर चढते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पेशी हुकूम का ऐकत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

सरहद्द कशी राखली जाते

आपण खाल्लेले अन्न पोटात गेले म्हणजे शरीराच्या आत गेले, असे आपण समजतो. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी ही एका अर्थाने बाहेरचाच मुलूख आहे. अन्न आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरते, तेव्हा ते खरे आत येते. या भिंतीचा पृष्ठभाग घड्या आणि सूक्ष्म उंचवटे धरून सुमारे ३० चौरस मीटर भरतो. एवढ्या लांब सरहद्दीवर पेशींचा थर मात्र एकच असतो आणि तोही दर चार-पाच दिवसांनी नवा होतो. पलीकडे, विशेषतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. शरीरातल्या जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असल्याचा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा ते थोडे अधिकच आहेत.

म्हणून शरीराने प्रतिकार यंत्रणेचा सर्वांत मोठा भाग इथेच तैनात केला आहे. बंदोबस्त असा असतो:

पहिली फळी म्हणजे श्लेष्माचा बुळबुळीत थर. तो जिवाणूंना भिंतीपासून हातभर लांब ठेवतो.

दुसरी फळी म्हणजे आयजीए नावाची प्रतिपिंडे. शरीर रोज काही ग्रॅम आयजीए बनवते. इतर सर्व प्रतिपिंडांच्या एकत्रित उत्पादनापेक्षाही हे जास्त आहे. आयजीए जिवाणूंना मारण्यापेक्षा त्यांना चिकटून भिंतीपासून दूर ठेवते.

तिसरी फळी भिंतीतच बसलेली असते. भिंतीच्या पेशींमध्ये अधूनमधून टी पेशी असतात, तर खालच्या थरात भक्षक पेशी आणि इतर पांढऱ्या पेशी. लहान आतड्यात ठिकठिकाणी पेयरचे पुंजके आहेत. १६७७ मध्ये योहान पेयर यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ही चौक्यांसारखी ठाणी आहेत. तिथे पलीकडचे नमुने आणून तपासले जातात आणि नव्या पेशींना ओळख शिकवली जाते.

चौथी गोष्ट संयमाची. रोजचा भात, डाळ आणि निरुपद्रवी जिवाणू यांच्यावर हल्ला करायचा नसतो. त्यासाठी नियामक टी पेशी असतात. त्या बाकीच्यांना आवर घालतात. चांगला पहारेकरी प्रत्येक हालचालीवर गोळी झाडत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

या पहाऱ्याला रसदही पलीकडूनच मिळते. भाज्या, डाळी, नाचणी, ज्वारी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन. नियामक टी पेशी वाढायलाही त्याची मदत होते. म्हणजे चोथा आपल्यासाठी निरुपयोगी नाही. तो सरहद्दीवरच्या तुकडीचा शिधा आहे.

फळी ढासळते तेव्हा

आता आहार बदलला असे समजा. चोथा कमी, तूप-तेल आणि साखर जास्त. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा आहाराने काय होते, ते बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. चोथा मिळेनासा झाला की काही जिवाणू श्लेष्माचा थरच खायला लागतात. थर पातळ होतो. नियामक पेशी कमी होतात आणि दाह पेटवणाऱ्या पेशी वाढतात. भिंतीतल्या पेशींमधले सांधे सैल होतात. मग जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. २००७ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी उंदरांत हे दाखवले. स्निग्ध आहाराने रक्तातले हे तुकडे वाढले, आणि आहार न बदलता नुसते तेच तुकडे थोड्या प्रमाणात दिले, तरी उंदरांचे वजन आणि इन्सुलिन-रोध वाढला.

हे तुकडे रक्ताबरोबर आधी यकृतात आणि मग चरबीच्या साठ्यांत पोचतात. तिथल्या भक्षक पेशींना वाटते, शत्रू आत शिरला. त्या टीएनएफसारखी संदेशद्रव्ये सोडतात. खऱ्या जंतुसंसर्गात हे योग्यच असते. पण इथे शत्रू नाही आणि लढाईही संपत नाही. टीएनएफमुळे पेशीच्या आतली इन्सुलिनचा हुकूम पुढे पोचवणारी साखळी मंदावते. १९९३ मध्ये अमेरिकेत हॉटामिस्लिगिल, स्पीगलमन आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ वाढलेले असते आणि ते निष्प्रभ केले तर इन्सुलिन अधिक चांगले काम करते, हे दाखवले. दहा वर्षांनी लठ्ठपणात चरबीमध्ये भक्षक पेशींची गर्दी होते, हेही दिसले. सैन्याच्या भाषेत सांगायचे तर आपल्याच गोळीने आपलीच संदेशवहनाची तार तुटते.

वहिनींच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर मला इथे मिळाले. पेशी हुकूम ऐकत नाहीत याचे एक कारण म्हणजे शरीरभर धुमसणारा मंद दाह, आणि त्या दाहाची एक ठिणगी आतड्यात पडते.

पहारेकरी आणि वजन

आतड्यातल्या प्रतिकार पेशी याहून थेट कामही करतात. दोन प्रयोग सांगतो. दोन्ही उंदरांवरचे आहेत.

जेवल्यावर आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-वन नावाचे संप्रेरक सोडतात. ते इन्सुलिनला मदत करते आणि भूक कमी करते. वजन कमी करणाऱ्या ज्या नव्या इंजेक्शनांची वर्तमानपत्रांत चर्चा असते, ती याचीच नक्कल आहेत. २०१९ मध्ये असे आढळले की भिंतीत बसलेल्या टी पेशी हे जीएलपी-वन टिपून घेतात, त्यामुळे ते कमी उरते. या पेशी नसलेले उंदीर चरबी-साखरेच्या आहारावरही सडपातळ राहिले. दुष्काळात अन्नाची बचत करायला ही व्यवस्था उपयोगी पडत असेल. रोज भरल्या ताटावर बसणाऱ्याला मात्र ती महाग पडते.

दुसरा प्रयोग २०२२ मधला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला. काही जिवाणू आतड्यात टीएच-सतरा नावाच्या पेशी तयार करवून घेतात आणि या पेशी आतड्यातून शोषली जाणारी चरबी मर्यादेत ठेवतात. आहारातल्या साखरेने हे जिवाणू मागे हटले, पेशी घटल्या आणि उंदरांचे वजन व साखर वाढली. साखर काढून टाकल्यावर तोच स्निग्ध आहार खाऊनही संरक्षण टिकले, पण ज्यांच्या आतड्यात ते जिवाणू होते त्यांच्यातच. पथ्य एकच असूनही दोन माणसांना फायदा वेगवेगळा का होतो, याचे एक कारण यात दडलेले असू शकते.

इथे थांबून एक इशारा देतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांतला पुरावा अजून तुटपुंजा आहे. नेदरलँड्समध्ये २०१२ साली सडपातळ दात्यांचे आतड्यातले जिवाणू लठ्ठ पुरुषांना दिले, तेव्हा सहा आठवड्यांत त्यांचे इन्सुलिन अधिक चांगले काम करू लागले. वजन मात्र घटले नाही, आणि नंतरच्या चाचणीत हा लाभ काही महिन्यांत ओसरल्याचे दिसले. म्हणून 'आतडे शुद्ध करा, मधुमेह घालवा' असे सांगणारी भुकटी कोणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

पुण्याचे उत्तर

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपल्या महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची होती. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही उत्तम. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतल्या जिवाणूंचा अभ्यास केला. त्यात निरोगी, लठ्ठ आणि मधुमेही असे सगळे होते. आपला आहार वेगळा, आपले जिवाणू वेगळे, म्हणून परदेशातले निष्कर्ष जसेच्या तसे घेता येत नाहीत.

दादाला मी हा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी याज्ञिक."

काटक दिसणाऱ्या माणसाची चरबी बहुतेक वेळा पोटाच्या आत, आतड्यांभोवती असते. तिथले रक्त थेट यकृतात जाते. सरहद्दीवरून काही झिरपले, तर पहिली झळ याच भागाला लागते. निवृत्तीनंतर दादाचे वजन चारच किलोंनी वाढले होते, पण पट्टा दोन भोके पुढे गेला होता. रात्रपाळीची सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी, अपुरी झोप, पाच वेळा गोड चहा आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतला बन. स्नायू कमी झाले आणि त्यांच्या जागी चरबी आली. वजनकाट्याला हा फरक कळला नाही.

काय करायचे

कॅडेट मित्रांनो, तुम्ही वाढीच्या वयात आहात. जेवण टाळू नका. पथ्याच्या नावाखाली उपाशी राहू नका. करायचे ते साधे आहे.

ताटातली उसळ, डाळ, कोशिंबीर, पालेभाजी उरवू नका. चामराजपेटेत रामनवमीला फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर संगीताचा उत्सव भरतो. त्या दिवसांत मुगाची डाळ आणि काकडीची कोसंबरी, सोबत ताक असा प्रसाद इकडे घरोघरी असतो. नाचणीचा मुद्दा तर कर्नाटकात रोजचाच. आपल्या आजीची ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ त्याच जातीची. सरहद्दीवरच्या तुकडीचा शिधा यातच आहे.

गोड शीतपेय हे रोजचे पेय नव्हे.

पीटी चुकवू नका. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही ग्लुकोज आत घेतो. स्नायू हे साखरेचे सर्वांत मोठे कोठार आहे. ते आत्ताच बांधा, आणि गणवेश उतरल्यावरही सोडू नका.

दिवे बंद झाल्यावर झोपा. थोड्या रात्रींच्या अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनचे काम मंदावते.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रतिजैविके घेऊ नका. त्यांनी शत्रूबरोबर आपली वस्तीही उठते.

पालकहो, तुमच्यासाठी तीन आकडे. कंबर: पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. उपाशीपोटीची साखर: १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शंका, पुन्हा तपासणी हवी. एचबीएवनसी: ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. आणि मधुमेह असेल, तर दिसायला नीट दिसत असले तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्या. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दादाच्या डोळ्यांवर उपचार झाले. पुढची हानी थांबली आहे. जे गेले ते पूर्ण परत आलेले नाही. संध्याकाळी तो वाचायला दिव्याजवळ सरकून बसतो. रात्रपाळी त्याने सोडली. औषध, भाकरी-उसळ, जेवणानंतर चालणे आणि आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका एवढ्यावर सहा महिन्यांत त्याची एचबीएवनसी ६.९ वर आली आहे.

त्याच आठवड्यात वहिनींच्या आग्रहाने मीही तपासणी केली होती. माझा निर्देशांक २२, मी तुमच्याबरोबर रोज धावतो. माझी एचबीएवनसी ६.० आली. वर्गात मी उंबरठ्याचे आकडे फळ्यावर लिहितो, तेव्हा त्यात माझाही आकडा असतो. म्हणून मेसमध्ये मी दुसऱ्यांदा उसळ मागताना दिसलो, तर हसू नका. तुम्हीही मागा.

स्वाध्याय

१. ५ लिटर रक्तात दादाच्या उपाशीपोटीच्या पातळीला एकूण किती ग्रॅम ग्लुकोज असेल? निरोगी माणसाशी तुलना करा.
२. श्लेष्माचा थर, आयजीए आणि नियामक टी पेशी यांची कामे प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
३. चोथा आपल्याला पचत नाही, तरी तो आहारात का हवा?
४. 'निर्देशांक २२ म्हणजे धोका नाही' हे विधान पुण्याच्या अभ्यासाच्या आधारे तपासा.
५. सुटीत घरी गेल्यावर मोजपट्टीने घरातल्या मोठ्या माणसांची कंबर मोजा. आकडा मला सांगू नका, त्यांना सांगा.